पानात टाकलेलं

बहरीनमधलं जिदहफ्सचं घर सोडल्यानंतरच्या शुक्रवारी मी किल्ली परत द्यायला गेलो. घरमालक हाजी आता म्हातारे झालेत. दारात खुर्ची टाकून बसले होते. "खलास?" त्यांनी विचारलं. "खलास," मी म्हणालो. पण किल्ली त्यांच्या हातात ठेवण्याआधी मी बोटानं वर दाखवलं, एकदा जाऊन येतो. जहाजदुरुस्तीच्या यार्डात मी स्टोअरकीपर आहे. शेवटची फेरी मारल्याशिवाय कुलूप लावायचं नाही ही सवय अंगात मुरली आहे.

सामान गेलं की खोल्या मोठ्या होतात. एसी काढून नेल्यानं भिंतीत चौकोनी भोक राहिलं होतं आणि त्यातून मागच्या खजुरीच्या बागेचा ओलसर गोड वास आत येत होता. इतकी वर्षं एसीच्या घरघरीपलीकडे हा वास उभा होता आणि आम्हाला पत्ता नव्हता. स्वैपाकघरात शेगडीच्या चार पायांचे डाग ओट्यावर उमटलेले. भिंतीवर वृंदाची उंची मोजलेल्या पेन्सिलच्या रेघा. त्या पुसायला मी खोडरबर खिशात घालून नेलं होतं. पुसल्या नाहीत.

गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, तेलाचा डबा होता. पत्र्याचा, पाच लिटरचा, वरचं तोंड कापलेला. डब्यावर छापलेली जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची, फांदी उन्हानं इतकी उडाली होती की ज्याला माहीत आहे त्यालाच दिसावी. डब्यात मश्मूम लावलेला. मश्मूम म्हणजे इथला सब्जा, आपल्या तुळशीचाच भाऊबंद. इथल्या बायका त्याचे तुरे केसांत माळतात. नव्या घराला गच्ची नाही, हातभर बाल्कनी आहे, तिथं ऊन जेमतेम, म्हणून डबा इथंच सोडायचं ठरलं होतं. तसं ठरवण्यात मीच पुढं होतो. गाडीत जागा नव्हती.

मी एक पान चुरडून नाकाशी नेलं. आणि मग टाकीला पाठ टेकून खालीच बसलो.

वृंदा आमची मुलगी, पण ती आमच्याकडे "आली" असंच म्हणावं लागतं. ती दीड वर्षाची असताना तिच्या आईला, कुंदाला, इथल्या एका हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली. कुंदा नर्सेसच्या होस्टेलवर, मी यार्डाच्या कॅम्पात, आणि वृंदा मालवणच्या पुढच्या खेड्यात कुंदाच्या भावाकडे. तिथं मामीनं तिला वाढवलं. दुसरा मार्ग होता का, हे गणित आम्ही दोघांनी पुष्कळदा मांडलं आणि पुसलं. ते इथं नको. जिदहफ्सचं हे घर मिळालं तेव्हा मी गावी जाऊन तिला घेऊन आलो. सात वर्षांची होती. जानेवारी होता, बहरीनमध्ये स्वेटर लागतो ते दिवस. मामीनं विणलेला पिवळा स्वेटर, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, आणि अंगाला खोबरेल, धूर आणि उकड्या तांदळाच्या पेजेचा मिसळलेला वास. तो वास आठवडाभर टिकला. मग आमच्या साबणाचा वास येऊ लागला.

फार गुणी मुलगी. इतकी गुणी की भीती वाटावी. सकाळी ईसा टाउनच्या शाळेची बस येण्याआधी अंथरुणाची घडी घातलेली असे. कुंदाला "आई" म्हणायची, पण शाळेत बाईंना "बाई" म्हणतात तशी. आणि जेवण झालं की ताट लख्ख. भाताचं शीत नाही, आमटीचा थेंब नाही, कढीपत्त्याचं पानसुद्धा चावून खाल्लेलं. ताट स्वतः विसळायची आणि म्हणायची, "जेवण छान झालं."

मला पहिल्यांदा आनंदच झाला. अन्न वाया घालवू नये हा माझा घरातला एकमेव कायदा. मी कुंदाला म्हणालो, "मामीनं वळण चांगलं लावलंय."

कुंदा रात्रपाळी करून आलेली, केसांना डेटॉलचा वास, पायांत अजून पांढरे मोजे. ती वृंदाच्या ताटाकडे बघत होती.

"वळण कसलं हो? पाहुणीसारखी जेवते ती."

"म्हणजे?"

"लोकांच्या घरी गेलं की आपण पान स्वच्छ करतो. नाव ठेवू नयेत म्हणून. आपल्या घरी मूल टाकतं. नको म्हणतं, तोंड वाकडं करतं, अर्धी पोळी तशीच ठेवून पळतं. माझ्या आईनं जन्मभर आम्हा चौघांचं उष्टं खाल्लं, वेगळं ताट वाढून घेतलेलं मी पाहिलं नाही. आणि मला एका मुलीचं उष्टं मिळत नाही."

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, मुलं अन्न टाकतात म्हणून लोक रडतात, तू ही टाकत नाही म्हणून रडतेस. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं कारलं केलं. गूळ न घालता, चिंच न घालता, नुसतं परतलेलं. वृंदाच्या पानात चांगलं मूठभर वाढलं आणि समोर बसून राहिली. मला कळत होतं काय चाललंय. वृंदानं एक घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं. तिनं पाण्याचा घोट घेतला आणि दुसरा घास घेतला. कुंदा माझ्याकडे न बघता म्हणाली, "नको असेल तर ठेव हं, बाय." वृंदानं मान हलवली. सगळं कारलं संपवलं, बिया धरून. "जेवण छान झालं," म्हणाली आणि ताट उचलून मोरीकडे गेली. कुंदानं स्वतःच्या पानातलं कारलं तसंच ठेवलं. त्या दिवशी मी तिला कायदा शिकवला नाही.

आमच्या घरात आवाज नव्हता, हे मला आता गच्चीत बसल्यावर कळतं. बांग ऐकू यायची, एसी ऐकू यायचा, खाली हाजींच्या कोंबड्या ऐकू यायच्या. पण "मला हे नको" असं कुणी म्हणत नव्हतं.

रजेचे दिवस आले. दर वर्षी आम्ही गावी जात असू. त्या वर्षी कुंदा म्हणाली, "गावी नको." का ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मलाही तीच धास्ती होती: मामीच्या अंगणात पाय ठेवल्यावर वृंदा परत येईल का. नातेवाइकांनी टोमणे मारले. गाव सोडून इटली, आता काय, साहेब झालात! इटली ही कल्पना ग्रेसीची. ग्रेसी वसईची, कुंदाच्याच वॉर्डात नर्स. तिची थोरली बहीण तिकडे नन होती, समुद्रावरच्या एका डोंगरी गावात कॉन्व्हेंटचं स्वैपाकघर सांभाळायची. कॉन्व्हेंटला लागून पाहुण्यांच्या चार खोल्या होत्या. "जा गं," ग्रेसी कुंदाला म्हणाली, "रोझलिन तुम्हाला उपाशी ठेवणार नाही. आणि तिला मराठी बोलायला कोण मिळतंय तिकडे? येशूशी सुद्धा इटालियनमध्ये बोलावं लागतं."

रोमला आम्ही स्टेशनजवळच्या एका खानावळीत जेवलो. मिरी आणि खारट चीज घातलेल्या लांब शेवया, गवती रंगाची वाइन, मातीच्या सुरईतून. वृंदानं काटा मुठीत धरून शेवटची शेवई संपवली, पाव घेऊन ताट पुसलं. वेटर पांढऱ्या मिशांचा होता. त्यानं ते कोरं ताट उचलून शेजारच्या टेबलांना दाखवलं आणि "ब्रावा! ब्रावा!" करत टाळ्या वाजवल्या. सगळी खानावळ हसली. वृंदानं पटकन कुंदाकडे पाहिलं, बरोबर केलं ना, अशा नजरेनं. कुंदानं मान डोलावली, आणि मग पर्समध्ये रुमाल शोधत बसली.

मग उत्तरेकडची गाडी. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मध्ये बोगदेच बोगदे. काळोख, लख्ख निळं पाणी, पुन्हा काळोख. डब्यात कुणीतरी संत्रं सोललं होतं. त्याचा वास बोगद्यात जास्त येई.

सिस्टर रोझलिन फाटकातच उभ्या होत्या. बुटक्या, रुंद, कोपरापर्यंत पीठ. ग्रेसीचंच नाक. "आलात? बसा आधी. पाणी प्या," त्या म्हणाल्या. "गूळ नाही हो माझ्याकडे. हे घ्या." आणि सुकवलेल्या अंजिरांची परडी पुढं केली. बोलण्याला वसईचा हेल, आणि मधेच एखादा इटालियन शब्द, भातात खडा यावा तसा. उन्हात वाटचाल करून आलेल्याला पाणी आणि गोड द्यायचं, हे इतक्या वर्षांत त्या विसरल्या नव्हत्या.

त्या गावाचा वास मी आजही वेगवेगळा करून सांगू शकतो. लाकडी भट्टीचा धूर. भिंतीतून उगवलेली रोझमेरी. दगडी पायऱ्यांवर कुणीतरी ओतलेलं धुण्याचं पाणी. आणि उतारावरच्या द्राक्षमळ्यांतून येणारा गंधकाचा वास, वेलींवर भुकटी मारलेली असे त्याचा. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी खणलेला, प्रत्येक पायरीला दगडी बांध. जमीन किती आणि बांध किती, असा मी अंदाज घेतला. बांधच जास्त भरला. आमच्या कोकणातल्या मळ्यांची आठवण झाली. माती कमी, कष्ट जास्त आणि खाली समुद्र.

पहिल्या दुपारी सिस्टरनी भट्टीतून तांब्याची भली मोठी परात काढली. त्यात पिवळीधमक, कडेला करपलेली पातळ पोळी. कुंदानं तुकडा तोंडात टाकला आणि थांबली.

"हे बेसन आहे."

"मग काय तर. चण्याचं पीठ, तिप्पट पाणी, मीठ, तेल. सकाळीच भिजवून ठेवायचं."

"अहो, हे धिरडं आहे!"

"धिरडंच. पण तुम्ही तव्यावर एकेक घालता, आम्ही एकदाच सगळ्यांचं घालतो. ननांना वेळ कुठे?"

मी प्रमाण दोनदा विचारून घेतलं. सिस्टर म्हणाल्या, डोंगरापलीकडे गेलात की सगळं लोण्यात, इकडे सगळं तेलात, दोन डोंगर ओलांडले की माणसं एकमेकांच्या जेवणाला नावं ठेवतात. मी म्हटलं, आमच्याकडेही घाट चढलं की नारळ संपतो आणि शेंगदाणा सुरू होतो. या मुद्द्यावर आमचं एकमत झालं.

वाइन त्यांच्या मळ्यातली. वेताच्या टोपलीत बसवलेल्या मोठ्या काचेच्या कुंडातून नळीनं काढत. पांढरी म्हणायची, खरं तर फिकट गवताच्या रंगाची. बाहेरून पेला घामेजायचा. पहिला घोट आंबट, ओल्या दगडासारखा, आणि गिळल्यावर मागं थोडंसं खारटपण. समुद्रावरून येणारं वारं वेलींना लागतं म्हणून, असं सिस्टर म्हणाल्या. ते कितपत खरं ते मला माहीत नाही, पण खारटपण होतं. मासळी खाताना तो पेला हातात असावा असं वाटे. छोटे मासे, आपल्या मांदेलीएवढे, लिंबू पिळून तळलेले. कुंदानं पेला नाकाशी नेला, परिचारिकेच्या नजरेनं उजेडात धरला.

"डोस किती?"

"डोस नाही गं, जेवण आहे ते," सिस्टर म्हणाल्या. "जेवणाबरोबर, जेवणाएवढं."

कुंदा अर्धा पेला प्यायली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बहरीनला आल्यापासून मी तिला खुर्चीत पाठ टेकून बसलेली पाहिली नव्हती. ती टेकून बसली.

वृंदा मात्र तशीच. धिरडं संपवलं, मासे काट्यांसकट संपवले, ताट पुसलं. सिस्टरनी ते पाहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हा तिघांना स्वैपाकघरात बोलावलं. मोठं टेबल, त्यावर पिठाचा शुभ्र डोंगर. खिडकीत दगडाचा जाड खल. परसातून त्यांनी ओंजळ भरभरून पानं आणली आणि खलात टाकली, वर लसणाच्या पाकळ्या, जाड मीठ. बत्ता फिरला आणि खोलीभर तो वास सुटला.

"अहो सिस्टर, तुळस!" कुंदा ओरडलीच. "लसूण घालून वाटताय?"

"तुळस नव्हे, सब्जा म्हण."

"घराण्यातलीच की! आमच्याकडे तिचं लग्न लावतात."

"इथंही लावतात," सिस्टर बत्ता न थांबवता म्हणाल्या. "लसणाशी."

वृंदा हसली. मोठ्यांदा, तोंडावर हात न धरता. मी आणि कुंदानं एकमेकांकडे पाहिलं नाही, नाहीतर ते थांबलं असतं असं वाटलं.

मग सिस्टरनी कणकेचा मुटका घेतला, हरभऱ्याएवढी गोळी तोडली आणि तळहाताखाली तिरकी घासून सोडली. बोटभर लांब, दोन्ही टोकांना निमुळती, मधे पिळा बसलेली शेवई. दुसरी. तिसरी. असा ढीग घालायचा होता. कुंदानं हात लावला. तिची चपटी झाली. पुढची तुटली. पुढचीला पिळाच बसेना. शिरेत सुई घालताना कधी न चुकणारे ते हात, पण पिठाचं काम शिकण्याआधीच ते घर सोडून गेले होते.

वृंदा थोडा वेळ बघत राहिली. मग बाही वर सारून बसली आणि भराभरा वळू लागली. सारख्या लांबीच्या, सारख्या जाडीच्या. माझी नजर अशा बाबतीत पक्की असते, फरक नव्हताच.

"अगो बाय! कुठे शिकलीस?" सिस्टरनी विचारलं.

"मामीकडे. उन्हाळ्यात गव्हले करतो आम्ही. आणि नखुल्या. मामी म्हणते, पीठ हाताला कळलं पाहिजे."

कुंदा खाली बघत होती. वृंदाच्या बोटांत मामी होती, स्पष्ट दिसत होती. पीठ चिमटीत धरायची तीच ढब, गोळी तोडून झाल्यावर अंगठा झटकायची तीच लकब. मला वाटलं, आता ही उठून जाईल. पण कुंदा म्हणाली, "मला दाखव की."

"असं नाही, आई. हात सरळ नको, तिरका धर. दाबायचं नाही. सोडून द्यायचं." तिनं कुंदाचा पंजा धरून फिरवला. "बघ. अरे, परत तुटली! किती दाबतेस?"

"मला नाही येत."

"तुझ्या सगळ्या मोडक्या," वृंदा म्हणाली, आणि कुंदाच्या शेवया बाजूला करून वेगळ्या ठेवल्या. "ह्या लंगड्यांचा वेगळा ढीग."

सिस्टर खलाकडे तोंड करून वाटत होत्या. त्यांची पाठ हसत होती.

दुपारी लांब टेबलावर सगळे बसलो. पाच-सहा नना, त्यांच्या वयस्कर मदर, आणि आम्ही. हिरव्या वाटणात घोळलेल्या शेवया आल्या. वृंदा काट्यानं शोधून शोधून कुंदाच्या लंगड्या शेवया उचलून दाखवत होती. "ही तुझी. ही पण तुझी. ही कुत्र्याच्या शेपटीसारखी!" कुंदा म्हणत होती, "चवीला काय वाईट आहे?" टेबलावर इतका गलका होता की मदरनी एकदा चष्म्यावरून बघितलं.

मग दुसरं ताट आलं. रानातल्या पाल्यानं भरलेल्या, पोट फुगलेल्या तिकोनी करंज्या, उकडून, अक्रोडाच्या पांढऱ्या वाटणात सोडलेल्या. पाहुण्यांसाठी खास. प्रत्येकाच्या पानात चार. मी एक खाल्ली. अक्रोड गोडसर, पण आतला पाला कडवट, पावसाळ्यातल्या टाकळ्यासारखा. मला आवडली. वृंदानं एक खाल्ली. दुसरी अर्धी तोडली, चावली, आणि चावणं मंद झालं.

मी पाहत होतो. कुंदाही पाहत होती. वृंदानं पाण्याचा पेला उचलला नाही.

"आई," ती म्हणाली, "कडू आहे. मला नको." आणि ताट कुंदाच्या बाजूला सरकवलं. "तू खा."

अडीच करंज्या उरलेल्या. मदरच्या भुवया वर गेल्या. टाकलेलं अन्न तिथंही कुणाला चालत नसावं. माझ्या तोंडूनही सवयीनं "वृंदा" एवढं निघालं होतं. टेबलाखाली कुंदाची चप्पल माझ्या पायावर पडली, चांगली जोरात. मी पुढचे शब्द गिळले.

कुंदानं स्वतःचं ताट बाजूला केलं आणि वृंदाचं समोर ओढलं. आधी ती अर्धी उचलली, दातांच्या खुणा असलेली. काट्यानं नाही, हातानं. सावकाश खाल्ली. मग उरलेल्या दोन. वाटण बोटानं पुसून घेतलं. वृंदाचं तिकडे लक्षही नव्हतं. ती खुर्चीवर गुडघे टेकून खिडकीतली मांजर बघत होती.

"आवडल्या?" सिस्टरनी विचारलं. त्यांना बहुतेक सगळं कळलं होतं.

"फार," कुंदा म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तुम्ही का थांबलात? प्या ना."

मी पेला उचलला. एका घोटात संपवला. बाहेर कुणीतरी शिडी ओढत होतं, दगडावर लाकडाचा आवाज. समुद्र तसाच होता. पण वादळ होऊन गेल्यावर कोकणात सगळी माणसं एकदम दाराशी येऊन उभी राहतात, काही न बोलता, तसं मला वाटत होतं.

त्यानंतर वृंदानं रजा संपेपर्यंत रोज काहीतरी टाकलं. पावाच्या कडा टाकल्या. टोमॅटोच्या साली टाकल्या. एक अख्खा मासा त्याचे डोळे आवडले नाहीत म्हणून टाकला. कुंदाचं वजन वाढलं. निघताना सिस्टरनी तेलाचा हा डबा दिला. मी विमानात वजन जास्त होईल म्हणालो, तर म्हणाल्या, "मग तुमचे कपडे ठेवून जा."

पुढच्या वर्षी आम्ही न घाबरता गावी गेलो. मामीनं अंगणात पाट मांडले. वृंदानं अर्धी भाकरी टाकली आणि माडाखाली पळाली. मामी ते ताट बघून म्हणाली, "इथं टाकायचीच गो ती. तिकडे जाताना मीच बजावलेलं, पानात टाकू नको, हट्ट करू नको, आईला आवडायला हवीस." बोलून गेल्यावर तिनं पदर तोंडाला लावला. मग हळूच विचारलं, "तिकडे टाकते ना आता?"

"टाकते," कुंदा म्हणाली. "भरपूर टाकते." आणि दोघी नणंद-भावजया त्या अर्ध्या भाकरीचे दोन तुकडे करून उभ्याउभ्याच खात राहिल्या.

तेल केव्हाच संपलं. हाजींच्या बायकोनं मश्मूमची फांदी दिली आणि डबा गच्चीवर गेला. संध्याकाळी पाणी घालताना तो वास यायचा, मालवणच्या वृंदावनाचा, त्या दगडी खलाचा आणि इथल्या लग्नघरांचा, तिन्ही एकातच.

खाली हाजींनी हाक मारली. मी उठलो. डबा उचलून पाहिला. ओल्या मातीसकट सात-आठ किलो भरला असता, बुडाला गंज, एका कोपऱ्यातून पाणी गळत होतं. खांद्यावर घेतला आणि जिना उतरलो. हाजींच्या हातात किल्ली ठेवली. ते डब्याकडे बघून म्हणाले, "इंशाल्ला, तिथंही वाढेल." तेवढं अरबी मला कळतं. मी म्हटलं, ऊन कमी आहे. त्यांनी हात हलवला, यल्ला, जा.

मनामाच्या नव्या घरात शिरलो तेव्हा शर्टावर चिखलाचा ओघळ होता. वृंदा आता पंधरा वर्षांची आहे. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देते. "ओ गॉड, बाबा, तो डबा?" ती म्हणाली. "तू तर म्हणाला होतास जागा नाही."

"जागा केली."

तिनं डोळे फिरवले, टेलिफोन उचलून त्याची वायर ताणत आतल्या खोलीत गेली आणि पायानं दार लोटलं. टेबलावर तिचं ताट तसंच होतं. पाऊण पोळी, भेंडीच्या भाजीचा ढीग, त्यातली मिरची निवडून कडेला लावलेली, आणि न उघडलेलं दही.

कुंदा बाल्कनीतून ओरडली, "टाकलंन ना आज पण? घोडी झाली तरी टाकते! तुम्हीच लाडावून ठेवलीय."

मी हात धुतले, खुर्ची ओढली आणि ते ताट समोर घेतलं. एक तुकडा मोडतोय तोच कुंदा मातीचे हात पदराला पुसत आत आली.

"ठेवा ते," ती म्हणाली. "ते माझं आहे."